मोटारीचा परदेशी साज



खारदांड्याच्या कोळीवाड्यांत पावसाळ्याच्या आरंभीं होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. जून आणि जुलै या दोन महिन्यांत, म्हणजे एकसष्ट दिवस, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांच्या मासेमारीस बंदी असते. त्या अवधींत डागडुजीचीं कामें निघतात. लांकडी होडीची कुजलेली फळी बदलावयाची असली म्हणजे सुतार नवी फळी आणून ती एकदम ठोकून बसवीत नाहीं. प्रथम ती जागेवर धरतो, खूण करतो, खालीं उतरवितो, तासतो, पुन्हा धरतो. असें चारपांच वेळां झाल्यावर मग खिळा हातांत घेतो. कारण ती फळी नीट बसली नाहीं, तर त्याची किंमत होडीच्या मालकाला एकट्याला द्यावी लागत नाहीं. होडींत बसणाऱ्या सर्वांना द्यावी लागते.

आज मला बोलावयाचें आहे तें होडीविषयीं नव्हे, मोटारीविषयीं. परंतु त्या सुताराला जें ठाऊक होतें तें त्याच गल्लींत राहणाऱ्या आम्हां शिकल्यासवरल्या माणसांना ठाऊक नव्हतें, म्हणून ही प्रस्तावना.

माझ्या बहिणीचें घर दांड्यास आहे. तिचे यजमान तीन वर्षांपूर्वीं वारले. त्यांच्यामागें त्यांची स्विफ्ट गाडी राहिली. ती त्यांनीं २०११ च्या आरंभीं नवी घेतली होती आणि देवघरासारखी जपली होती. भाच्याला ती विकण्याची कल्पनाहि सहन होईना. उलट तिला नवा साज चढवावा असें त्यानें मनांत घेतलें. "मामा, जपानांत हीच गाडी किती देखणी दिसते तें पाहा," असें म्हणून तो मला चित्रें दाखवी. मला मोटारींतलें कांहीं समजत नव्हतें. मीं आयुष्यभर मुलांना अंकगणित आणि भूगोल शिकविला. तरी त्याच्या डोळ्यांतली उमेद पाहून मीं त्याला पंधरा हजार रुपये दिले. पुढें जें घडलें त्यांत म्हणून माझाहि वाटा आहे.

हा साज म्हणजे काय, तें आधीं सांगतों. गाडीचा पुढचा बंपर, त्याच्या खालची पट्टी, जिला हे तरुण लिप म्हणतात, दोन्ही बाजूंचे स्कर्ट, मागचा बंपर आणि मागच्या कांचेवरचा स्पॉइलर, इतक्या भागांच्या संचाला बॉडी किट असें नांव आहे. तो दोन प्रकारचा असतो. एक, ज्या कारखान्यानें गाडी बनविली त्यानेंच आपल्या दुसऱ्या आवृत्तीसाठीं बनविलेला. दुसरा, बाहेरच्या कोणीं नक्कल करून ओतलेला. सुझुकी कंपनीनें स्विफ्टचा हा नमुना २००४ च्या अखेरीस जपानांत काढला. मे २००५ मध्यें तो हिंदुस्थानांत आला. आणि त्याच वर्षीं जपानांत 'स्विफ्ट स्पोर्ट' या नांवाची त्याची अधिक जोमदार आवृत्ति निघाली. तिचे बंपर निराळे, परंतु अंगाचा सांगाडा मुख्यतः एकच. त्यामुळें तिकडचे भाग इकडच्या गाडीस बसतील ही भाच्याची कल्पना निराधार नव्हती.

परदेशी भागांचें हें वेड मुंबईला नवें नाहीं. १९२८ सालीं जनरल मोटर्स कंपनीनें शिवडीस मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला. सुटे भाग पेट्यांतून बंदरावर उतरत आणि शिवडींत त्यांची गाडी उभी राही. १९४४ सालीं वालचंद हिराचंद यांच्या पुढाकारानें प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ल्यास निघाला. १९५३ सालीं टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर सरकारनें असें धोरण ठरविलें कीं, ज्यांना येथें क्रमाक्रमानें संपूर्ण गाडी बनवावयाची नसेल त्यांनीं नुसती जुळणीहि करूं नये. त्याबरोबर जनरल मोटर्स आणि फोर्ड या दोन्ही परदेशी कंपन्यांनीं आपला कारभार आवरला. पुढें कित्येक वर्षें परदेशी भाग मिळविणें म्हणजे परवान्यांचें दिव्य होतें. ज्याला तें झेपत नसे तो ऑपेरा हाऊसच्या दुकानांतून, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडून किंवा चोरबाजारांतून आपली गरज भागवी. कुर्ल्याची फियाट, जिला मागाहून पद्मिनी हें नांव मिळालें, ती गाडी असल्या हिकमतींवर वर्षानुवर्षें चालली. या जातीची नोंदलेली शेवटची टॅक्सी वयोमर्यादा संपल्यामुळें ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. दरम्यान १ एप्रिल २००१ पासून आयातीवरील संख्येचे निर्बंध उठले होते. तेव्हांपासून अडचण परवान्याची राहिली नाहीं; ती पारखण्याची झाली.

आणि पारखण्यांतच आम्ही चुकलों. उपनगरांतल्या एका विक्रेत्यानें भाच्याला एक संच दाखविला. 'जपानचा आहे, फॅक्टरीचा आहे,' असें त्यानें सांगितलें. किंमत मूळ भागांच्या निम्म्याहून कमी होती. तेवढ्यानेंच आम्हीं सावध व्हावयास हवें होतें. प्रत्यक्षांत ती फायबर काचेची नक्कल होती. एका गॅरेजांत एका दुपारीं, बारा स्क्रू सरळ पिळून, ती गाडीला लावली. गाडी त्या संध्याकाळीं खरोखर सुंदर दिसली. बहिणीनें तिला हळदकुंकू लाविलें.

जुलैच्या एका संध्याकाळीं खारच्या भुयारी मार्गांत पाणी सांचलें होतें. भाचा त्यांतून गाडी घेऊन बाहेर पडला आणि पुढच्या गतिरोधकावर ती खालची पट्टी घासली, अर्धी तुटून लोंबली व क्षणांत रस्त्यावर पडली. मागून एक तरुण स्कूटरवरून आपल्या आईस घेऊन येत होता. त्यानें पट्टी चुकविण्यासाठीं हात वळविला, आणि दोघेंहि पडलीं. तरुणाला खरचटलें, त्या बाईंचें मनगट मोडलें. भाच्यानें त्यांना स्वतः इस्पितळांत नेलें आणि उपचाराचा सारा खर्च दिला. गाडीच्या नुकसानीबद्दल विचारावयास गेला तेव्हां विमा कंपनीच्या माणसानें एकच प्रश्न केला: "हा बदल आपण आम्हांला कळविला होता काय?" त्याचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें. मला मात्र त्या रात्रीं माझे पंधरा हजार रुपये आठवत राहिले.

तीन महिने गाडी ताडपत्रीखालीं उभी होती. मग एके दिवशीं भाचा म्हणाला, "मामा, तें काम मी चुकीचें केलें, आतां बरोबर करावयाचें आहे." मीं त्याला शंभर पानांची एक वही दिली आणि अट घातली कीं, प्रत्येक पायरी तींत लिहिल्याशिवाय एक रुपयाहि खर्चावयाचा नाहीं. त्या वहींतलाच मजकूर आज मी आपणांस सांगत आहें.

पहिली पायरी ओळखीची. कारखान्याच्या प्रत्येक भागाला स्वतःचा क्रमांक असतो. विक्रेत्यास भागाचें नांव विचारूं नये, क्रमांक विचारावा, आणि तो कारखान्याच्या यादीशीं ताडून पाहावा. दुसरी खूण भागाच्या आंतल्या अंगास असते. तेथें तो कोणत्या द्रव्याचा आहे तें सांकेतिक अक्षरांनीं ओतलेलें असतें. अलीकडचे बंपर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्यांत रबराचा अंश मिसळलेला असतो, म्हणून धक्का बसला तर ते वांकतात आणि पुन्हा सरळ होतात. फायबर काचेचा भाग वांकत नाहीं. तो तडकतो आणि त्याचे धारदार तुकडे होतात. आमच्या पट्टीचें तेंच झालें. तिसरी गोष्ट अशी कीं, जपानांतील मोडक्या गाड्यांवरून काढलेले भाग स्वस्त दिसले, तरी वापरलेला माल हिंदुस्थानांत आणण्यास सरकारची वेगळी अनुमति लागते. म्हणून नवाच भाग, आणि पावतीसह.

दुसरी पायरी देशभेदाची. गाडी एक असली तरी देश एक नसतो. जपानांतील सामान्य मोटारीची क्रमांकाची पाटी ३३० मिलिमीटर लांब व १६५ मिलिमीटर उंच असते. आपल्याकडे पुढची लांबट पाटी ५०० मिलिमीटर लांब आणि १२० मिलिमीटर उंच. जपानी बंपरांतील खोबण आपल्या पाटीस पुरत नाहीं. पाटी हवेच्या जाळीवर लटकविली तर रेडिएटरला वारा कमी पोंचतो, आणि मुंबईच्या एप्रिल-मे महिन्यांतील कोंडींत इंजिन तापण्यास तेवढें कारण पुरतें. शिवाय आतां उच्च सुरक्षेची पाटी सक्तीची असून तिचें कुलूप एकदां बसलें कीं न मोडतां निघत नाहीं. म्हणून तिची जागा अगोदर ठरवावी लागते. दिव्यांचा भेद तर याहून महत्त्वाचा. जपान, थायलंड आणि इंग्लंड या देशांत आपल्याप्रमाणेंच डाव्या बाजूनें गाड्या चालतात. तेथील दिव्यांचा झोत डावीकडे झुकलेला असतो. जर्मनी किंवा फ्रान्समधील दिवे उजव्या बाजूच्या वाहतुकीसाठीं बनविलेले. ते येथें लाविले तर त्यांचा झोत समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो. आपल्या गाडीचें रूप पाहून लोकांचे डोळे दिपावेत ही हौस ठीक आहे. परंतु ती या अर्थानें नव्हे.

तिसरी पायरी हिशेबाची, आणि ती माझी आवडती. बंपर वजनानें पांचसहा किलोचा. मग वाहतुकीला एवढा खर्च कां, असें भाच्यानें विचारलें. त्याला मीं शाळेंतलें घनफळ आठवावयास लाविलें. कुरियरवाले हलक्या पण अवजड खोक्याचें वजन तराजूनें करीत नाहींत. सेंटिमीटरांतील लांबी, रुंदी व उंची यांचा गुणाकार करून त्यास ५००० नीं भागतात. आमचें खोकें १८० लांब, ६० रुंद, ५० उंच. गुणाकार ५,४०,०००, भागाकार १०८. म्हणजे सहा किलोच्या बंपरास एकशेंआठ किलोचें भाडें! तेंच खोकें समुद्रमार्गें आणलें तर अर्ध्या घनमीटराहून किंचित् अधिक जागा व्यापतें, आणि दर त्या जागेवर ठरतो. वेळ अधिक लागतो, पण पैसा पुष्कळ वांचतो. दोनतीन स्नेह्यांनीं आपापले भाग एकाच पेटींत मागविले तर खर्च आणखी वांटला जातो.

माल न्हावाशेव्यास, म्हणजे १९८९ सालीं सुरू झालेल्या जवाहरलाल नेहरू बंदरांत उतरल्यावर जकातीचा प्रश्न येतो. मोटारीचे सुटे भाग जकातीच्या यादींत ८७०८ या क्रमांकाखालीं येतात. जकात केवळ वस्तूच्या किमतीवर बसत नाहीं. किंमत, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर बसते, आणि तिच्या वरती वस्तू व सेवा कर बसतो. एका करावर दुसरा कर कसा चढतो हें चक्रवाढ व्याज शिकलेल्या मुलास सांगावें लागत नाहीं. 'किंमत कमी लिहून पाठवितों' असें सांगणारा विक्रेता भेटला तर त्याला नमस्कार करून परत फिरावें. खोटी किंमत लिहिलेला माल अडकला म्हणजे दंड आपल्याला भरावा लागतो, त्याला नव्हे. आणि वाटेंत माल फुटला तर विम्याची भरपाई त्या खोट्या किमतीइतकीच मिळते. हा सारा हिशेब मांडल्यावर भाच्यानें संचांतला स्पॉइलर आणि स्कर्ट स्वतःच्या हातानें वहींतून खोडले. राहिले दोन बंपर आणि पुढची पट्टी.

चौथी पायरी बसविण्याची. येथें सुताराचें शहाणपण कामास येतें. रंग देण्यापूर्वीं भाग कोरा असतांनाच गाडीवर धरून पाहावा. बोनेट आणि पंखे यांच्याशीं फट दोन्ही बाजूंस सारखी आहे कीं नाहीं, दिव्याची कड दबत नाहीं ना, चाक पूर्ण वळविल्यावर आंतल्या आवरणास घासत नाहीं ना, हें पाहून मग रंग. रंगवून आणलेला भाग बसत नसला तर तासतां येत नाहीं आणि परतहि देतां येत नाहीं. पॉलिप्रॉपिलीनवर साधा रंग धरत नाहीं. त्यावर आधीं प्लॅस्टिकसाठींचा खास प्रायमर द्यावा लागतो, नाहींतर वर्षभरांत पोपडे निघतात.

त्याहून मोठी गोष्ट उष्णतेची. प्लॅस्टिक लोखंडापेक्षां कितीतरी अधिक प्रसरण पावतें. दीड-पावणेदोन मीटर लांबीचा बंपर सकाळच्या गारव्यांतून दुपारच्या उन्हांत आला, तर तो तीन मिलिमीटरच्या आसपास वाढतो. त्याच्यामागचें लोखंड मात्र अर्धा मिलिमीटर जेमतेम. म्हणून कारखाना बंपरास लांबट भोकें ठेवतो आणि क्लिपांवर तो तोलून धरतो. त्यास हलण्यापुरती मोकळीक असते. आमच्या गॅरेजवाल्यानें नेमकी तीच मोकळीक बारा स्क्रूंनीं बंद केली होती. उन्हाळाभर तो कठीण भाग त्या स्क्रूंभोवतीं ताणला जात होता आणि बारीक चिरा पडत होत्या. भुयारी मार्गांतील पाण्यानें त्याला आंतून रेटा दिला आणि गतिरोधकानें शेवटचा घाव घातला. तेव्हां नियम असा कीं, मूळ कंसांवर, मूळ क्लिपांनीं आणि मूळ भोकांतूनच भाग बसवावा. दांड्यासारख्या ठिकाणीं खाऱ्या वाऱ्यानें साधा स्क्रू दोन पावसाळ्यांत गंजतो. जेथें स्क्रू हवाच तेथें न गंजणाऱ्या पोलादाचा घ्यावा. दुहेरी चिकटपट्टी वापरावयाची असली तर जागा स्पिरिटनें पुसून कोरडी करावी, पट्टी दाबून बसवावी आणि निदान एक पुरा दिवस तिला पाणी लागूं देऊं नये. बंपरामागें असलेल्या लोखंडी आडव्या तुळईस आणि अपघाताची वर्दी देणाऱ्या यंत्रास कोणीं हात लावूं नये. धक्का झेलतें तें बंपराचें रूप नव्हे, ती तुळई.

शेवटीं भाच्यानें एक परीक्षा घेतली ती मला फार आवडली. पुठ्ठ्याची एक पट्टी बरोबर नव्या लिपच्या मापानें कापून त्यानें बंपराखालीं चिकटविली, घरांतलीं चार माणसें गाडींत बसविलीं, आणि रोजच्या वाटेवरील प्रत्येक गतिरोधकावरून गाडी हळू नेली. तीन ठिकाणीं पुठ्ठा घासला. त्यानें घरीं येऊन वहींतून लिपहि खोडली.

पांचवी पायरी कायद्याची. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानें, नोंदणींत लिहिलेला तपशील कारखान्यानें मूळ ठरविलेल्या तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकास करतां येत नाहीं. गाडीच्या रचनेंत फरक पडून तिचें मूळ स्वरूप पालटेल असा बदल, अशी तेथें बदलाची व्याख्या आहे. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें या कलमाचा अर्थ कडक रीतीनेंच लाविला. त्याच वर्षींच्या दुरुस्तीनें, नियमांत न बसणारा भाग लावणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलास पांच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. गाडीपुढें लोखंडी कठडे लावणाऱ्यांवर कारवाई करण्याविषयीं केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्येंच राज्यांना कळविलें होतें. कारण ते कठडे पायीं चालणाऱ्याच्या जिवावर उठतात. तेव्हां बंपर बदलण्यापूर्वीं आपल्या परिवहन कार्यालयांत, आमच्यासारख्यांना अंधेरीस, लेखी विचारावें; आणि काम झाल्यावर विमा कंपनीस लेखी कळवून पोंच घ्यावी. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढें नूतनीकरणाच्या वेळीं गाडी तपासली जाते. त्या वेळीं अधिकाऱ्यापुढें पावत्या ठेवणारा मालक आणि सबबी सांगणारा मालक यांत किती अंतर आहे हें सांगावयास नको.

हें सर्व पार पाडावयास आम्हांला आठ महिने लागले. पहिल्या खेपेस एक दुपार लागली होती. आज त्या गाडीस कारखान्याचे दोन बंपर आहेत, दुसरें कांहीं नाहीं. येणाऱ्याजाणाऱ्यांपैकीं दहांतील नऊ जणांना कांहीं बदललें आहे हें उमगतहि नाहीं. मेहुण्यांच्या वेळचा जुना बंपर भाच्यानें कापडांत गुंडाळून माळ्यावर ठेविला आहे. तो कशाला ठेवलास असें मीं विचारलें नाहीं.

परदेशी वस्तु वाईट, देशी चांगली, किंवा हौस करूं नये, असें मला सांगावयाचें नाहीं. हौस माणसानें जरूर करावी. पण घरांतला पडदा आणि रस्त्यावरची गाडी यांत एक भेद आहे. पडदा पडला तर आपल्याच डोक्यावर पडतो. गाडीचा भाग पडतो तो मागून येणाऱ्या अनोळखी माणसापुढें.

काम झाल्यावर भाचा पहिल्यांदा गाडी घेऊन गेला तो त्या बाईंकडे. मीहि बरोबर होतों. त्यांचें मनगट बरें झालें आहे, परंतु जड भांडें उचलतांना अजून दुखतें. त्या खालीं आल्या, गाडीभोवतीं एक फेरी मारली, वांकून बंपराची कड बोटांनीं चांचपली आणि म्हणाल्या, "आतां नीट बसलंय ना रे बाळा?"

भाचा म्हणाला, "हो, मावशी. यावेळीं बसवून पाहिलंय."